कूलंटमध्ये वरून आणखी काही ओतावं का?

प्रश्न असा आला आहे: २०१६ची डिझेल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर चाललेली. पुण्याहून साताऱ्याकडे येताना एसी लावून खंबाटकी चढली की तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकतो, घाट उतरला की परत जागेवर येतो. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानदाराने साडेसहाशे रुपयांची एक बाटली पुढे केली. "कूलंटमध्ये ओता, इंजिन दहा-पंधरा डिग्री थंड चालेल, गंज धरणार नाही, बारीकसारीक लीकेजही बंद होईल." घ्यावी का?

घेऊ नका. साडेसहाशे रुपये खिशात राहू द्या, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगतो. माझं गॅरेज साताऱ्यात हायवेलगत आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. खंबाटकीने दमवलेल्या गाड्या एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे टोईंग होऊन येतात, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या डिकीत अशी एखादी अर्धी वापरलेली बाटली सापडते.

आधी त्या तीन दाव्यांकडे बघा. थंडावा, गंज आणि लीकेज. लीकेज बुजवायचं म्हणजे आतून कुठेतरी काहीतरी चिकटलं पाहिजे, थर धरला पाहिजे. थंडावा हवा तर धातू आतून स्वच्छ पाहिजे, कारण थर म्हणजे उष्णतेला आडकाठी. एकाच बाटलीने चिकटायचंही आणि चिकटू द्यायचंही नाही, हे कसं जमायचं? दुकानदाराला हे विचारून बघा, तो विषय बदलेल.

आता मूळ गोष्ट. आपण ज्याला कूलंट म्हणतो, त्यात मुळातच अ‍ॅडिटिव्ह असतात. डब्यातल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास इथिलीन ग्लायकॉल असतं. त्याचं काम पाण्याचा गोठणबिंदू खाली नेणं आणि उत्कलनबिंदू वर नेणं. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही आणि उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या आसपास उकळतं. उरलेल्या थोड्याशा टक्क्यांत खरी करामत आहे: गंज थांबवणारी रसायनं, फेस मारणारं रसायन, आम्लता सांभाळणारं रसायन आणि रंग. हे थोडे टक्के नसते तर नुसत्या ग्लायकॉलने तुमचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड (सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) काही वर्षांत खाल्लं असतं, कारण ग्लायकॉल तापून-तापून जुनं झालं की त्याची आम्लं बनतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बाटली विकत घ्यायची, ती कूलंटच्या पैशात तुम्ही आधीच घेतलेली आहे. आमटीला मीठ घातलेलं असताना शेजारीण येऊन आणखी मूठभर टाकते, तसला हा प्रकार.

शिवाय सगळ्या कंपन्या एकच मीठ वापरत नाहीत. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेटसारखे क्षार असत. ते सगळ्या धातूवर एक पातळ कवच चढवत आणि दोनेक वर्षांत संपून जात. नव्या, ओएटी म्हणतात त्या प्रकारात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. ते सरसकट लेप देत नाहीत, जिथे गंज सुरू होतो तिथेच जाऊन बसतात, म्हणून पाच-पाच वर्षं टिकतात. टोयोटाचं गुलाबी सुपर लाँग लाइफ कूलंट पहिल्यांदा १,६०,००० किलोमीटरला आणि पुढे दर ८०,००० ला बदलायला सांगतात, ते याच जातीमुळे. त्यातही जपानी लोक फॉस्फेट घालतात आणि सिलिकेट टाळतात, कारण सिलिकेटने वॉटर पंपाचं सील झिजतं असा त्यांचा अनुभव. युरोपवाले उलट. त्यांच्याकडे नळाचं पाणी जड, आणि जड पाण्यात फॉस्फेट पडलं की खडू बनून खाली बसतो. म्हणून ते फॉस्फेट टाळून थोडं सिलिकेट ठेवतात. तुमच्या गाडीत यांपैकी कुठली भट्टी आहे ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. त्या बाटलीत काय आहे ते मात्र बाटलीवर लिहिलेलं नसतं. दोन न जुळणारी रसायनं एकत्र आली की कधी काहीच होत नाही, कधी एकमेकांचं काम मारतात, आणि कधी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जेलीसारखा गाळ तयार होतो. ती जेली मी बोटाने काढलेली आहे.

(रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता रंग आहे, कुठलाही कारखाना कुठलाही रंग टाकू शकतो. "हिरव्यात हिरवं टाकलं, काय बिघडलं?" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकतो.)

आता थंडाव्याचा दावा, कारण तुमचं दुखणं तेच आहे. इंजिन किती गरम चालायचं हे कूलंट ठरवत नाही, थर्मोस्टॅट ठरवतो, म्हणजे रेडिएटरच्या वाटेवरचं तापमानाने उघडमीट होणारं दार. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो. पाण्याचं तापमान त्याखाली गेलं की तो दार लावून घेतो. त्यामुळे सपाट रस्त्यावर, सगळं ठीक असलेल्या गाडीत, कुठलीही बाटली दहा-पंधरा डिग्री उतरवू शकत नाही. उतरवलीच तर थर्मोस्टॅट ती परत चढवेल. बाटलीला काम असलंच तर फक्त घाटात, थर्मोस्टॅट पूर्ण उघडलेला असताना आणि रेडिएटर कमी पडत असताना.

तिथे तरी काही होतं का? यामागचं शास्त्र खोटं नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास हेड इतकं तापतं की धातूला चिकटलेलं पाणी तिथल्या तिथे उकळतं, बारीक बुडबुडे धरतात. बुडबुडा धातूला चिकटून राहिला तर तिथे वाफेची गादी होते आणि उष्णता पाण्यात उतरत नाही. पाण्याचा पृष्ठताण कमी केला तर बुडबुडा लवकर सुटतो. 'वेटर' (म्हणजे ओलं करणारं) म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्या हेच करतात, साबणाच्या पाण्याने भांडं जसं पटकन ओलं होतं तसं. रेसिंगमध्ये त्यांना खरा उपयोग आहे. कित्येक ट्रॅकवर ग्लायकॉलला बंदी असते, सांडलं तर रस्ता निसरडा होतो आणि लवकर वाळत नाही. तिथे इंजिनात साधं पाणी भरतात आणि पाण्याचा पृष्ठताण भरपूर असतो, सुमारे ७२ एकक. पण ग्लायकॉलचा मुळातच ४८ च्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणात पृष्ठताण आधीच उतरलेला आहे, वेटरला करायला फार काही उरलेलं नाही. बाटलीवरचे मोठे आकडे बहुधा नुसत्या पाण्याचे असतात. बारीक अक्षरात बघा.

जुने ड्रायव्हर म्हणतात, "कूलंटपेक्षा पाणी बरं, गाडी थंड राहते." त्यांचं अगदीच चुकत नाही. पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, निम्म्या-निम्म्या मिश्रणाची क्षमता नुसत्या पाण्यापेक्षा पंधरा-वीस टक्क्यांनी कमी पडते. पण ते ड्रायव्हर ज्या गाड्यांवर शिकले त्यांना बिडाचे ब्लॉक आणि तांब्या-पितळेचे रेडिएटर होते. गंजले तर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून साफ करून, परत चालायचे. तुमच्या गाडीला अ‍ॅल्युमिनियमचं हेड, अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, त्याला प्लॅस्टिकचे डबे आणि पत्र्याचे पाणीप्लग आहेत. त्यात बोअरचं पाणी म्हणजे संथ विष. माण-खटावकडच्या गाड्यांच्या कूलंटच्या टाकीत बघा. घरच्या हंड्याला आतून जो पांढरा थर धरतो तोच तिथेही दिसतो. तो थर हेडमध्येही धरतो, नेमका तिथे जिथे धातू सगळ्यात गरम असतो. मग ती गाडी घाटात तापते, मग मालक बाटली ओततो.

पाण्याचं सांगतो ते लक्षात ठेवा: डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीवाल्याकडे कॅन मिळतो. आरओचं पाणी नळापेक्षा बरं, पण त्यातही थोडे क्षार असतात, अडीअडचणीला चालेल. नाहीतर सरळ तयार मिश्रण घ्या आणि त्यात काहीच मिसळू नका.

अ‍ॅडिटिव्ह खरंच लागतं अशी एक जागा आहे, आणि ती मी सोडून दिली तर माझ्याच ट्रॅक्टरवाल्या गिऱ्हाइकांशी बेइमानी होईल. ट्रक, बस, मोठे ट्रॅक्टर, जनरेटर यांच्या डिझेल इंजिनांत बऱ्याचदा 'वेट लायनर' असतो, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागतं. पिस्टनच्या दणक्याने ती नळी थरथरते, तिच्या अंगावर बारीक बुडबुडे बनतात आणि फुटतात, आणि फुटताना धातूचा कण घेऊन जातात. घुणाने लाकूड पोखरावं तसा लायनर बाहेरून पोखरत जातो. एक दिवस आरपार भोक पडतं आणि ऑइलमध्ये पाणी. यावर उपाय म्हणून कूलंटमध्ये नायट्राइट किंवा मॉलिब्डेट असतं, ते लायनरवर कवच धरतं. ते वापरात संपत जातं, म्हणून वेळोवेळी टेस्ट स्ट्रिप बुडवून, रंग बघून, तेवढंच पूरक अ‍ॅडिटिव्ह टाकायचं. स्ट्रिप न बघता अंदाजाने ओतलं तर उलट गाळ होतो. कूलंटच्या मानकांतही हा भेद आहे. एएसटीएम या अमेरिकी मानक संस्थेचं मोटारींसाठी डी३३०६, जड डिझेलसाठी डी६२१०. तुमच्या हॅचबॅकला वेट लायनर नाही. ऊसतोडीच्या हंगामात रात्रंदिवस ट्रॉल्या ओढणाऱ्या आणि वाटेत कॅनॉलचं पाणी ओतून घेणाऱ्या ट्रॅक्टरांना मात्र याची गरज आहे, आणि तिथे कुणी टाकत नाही. काय म्हणायचं!

आता लीकेज बंद करणारी औषधं. हा आपल्याकडे जुना विषय आहे, बाटल्या यायच्या आधी हळद होती. मी शिकाऊ असताना ट्रकवाले रेडिएटर ठिपकायला लागला की वाण्याकडून पावशेर हळद घ्यायचे आणि ओतायचे. गळती थांबायचीही, दोन-चार दिवस, गावी पोचेपर्यंत. गाळ भोकात जाऊन बसतो, बाहेरच्या हवेने वाळतो, भोक बुजतं. आजच्या बाटल्यांतली पूड किंवा तंतू याच तत्त्वावर चालतात, फक्त लेबल चकचकीत असतं. अडचण अशी की भोक कुठलं आणि वाट कुठली हे हळदीला कळत नाही. जुन्या पितळी रेडिएटरच्या नळ्या ऐसपैस होत्या, आताच्या नळ्यांची आतली फट एक-दोन मिलिमीटरची. डिझेलमध्ये ऑइल कूलर आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा) यांतूनही हेच कूलंट फिरतं, त्यांच्या वाटा आणखी चिंचोळ्या. सगळ्यात आधी बुजतो तो हीटर, तोही याच गरम कूलंटवर चालतो. आपल्याकडे हीटर कुणी लावत नाही, म्हणून कळत नाही. मग डिसेंबरात मनाली गाठतात आणि तिथून फोन येतो.

हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) 'न उघडता' दुरुस्त करणारी बाटली वेगळी. तिच्यात बहुधा सोडियम सिलिकेट असतं, म्हणजे वॉटरग्लास. गरम जागी ते काचेसारखं घट्ट होतं आणि चीर बुजवतं. या रसायनाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने जुन्या गाड्या मोडीत काढून नव्या घेणाऱ्यांना पैसे द्यायची योजना काढली. जुनी इंजिनं परत वापरात येऊ नयेत म्हणून ती मारायची होती. त्यासाठी ऑइल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू ठेवायचं, असा सरकारी नियम होता. इंजिन काही मिनिटांत जाम. पॅकिंग गेलेल्या इंजिनात कूलंट ऑइलमध्ये उतरत असेल, तर तुमच्या त्या बाटलीतलं औषध कुठे जाणार याचा विचार करा.

तरी एक बाजू प्रामाणिकपणे मांडतो. कंपन्यांनी स्वतः असं काही वापरलेलं आहे. सुबारूने अमेरिकेत २००४ मध्ये आपल्या काही २.५ लिटर इंजिनांत, हेड पॅकिंगमधून बाहेर होणाऱ्या बारीक पाझरासाठी, स्वतःचं कूलंट कंडिशनर टाकण्याची मोहीम काढली होती. पण ते त्याच इंजिनासाठी ठरवलेलं, मोजून दिलेलं. दुकानातली 'सर्व गाड्यांसाठी' बाटली ही ती गोष्ट नव्हे. आणि रात्री अकराला वरंधा घाटात होज पाझरतोय, मोबाइलला रेंज नाही, घरी पोचायचंच आहे, अशी वेळ असेल तर मीही ओतेन. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं काढून धुऊन घेईन.

आता तुमच्या गाडीकडे. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. खरं तापमान ८० वरून १०० पर्यंत गेलं तरी तो मध्येच उभा राहतो, मालकाने घाबरू नये म्हणून. तुमचा काटा हलतोय, याचा अर्थ आत बरंच काही झालेलं आहे. स्कॅनर लावून घाटात प्रत्यक्ष आकडा बघितला पाहिजे.

माझा पहिला संशय स्वस्तातल्या गोष्टींवर आहे. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, या दोघांच्या फटीत इतक्या वर्षांची धूळ, किडे, पाचट आणि रुईच्या म्हाताऱ्या जाऊन बसलेल्या असतात. पुढून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, मधे गोधडी भरलेली असते. एसी लावल्यावरच काटा चढतो हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. रेडिएटर सैल करून मागून पुढे हलक्या पाण्याने धुवायचा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पंख चपटे होतात. मग फॅन. त्याला दोन वेग असतात, मोठा वेग लागतोय का बघा. रेझिस्टन्स किंवा रिले गेला की फॅन फिरताना दिसतो, पण निम्म्या दमाने.

मग रेडिएटरचं झाकण. प्रत्येक पाउंड दाबाने उत्कलनबिंदू दीड अंशाने वर जातो. १५ पाउंडांचं झाकण नीट असेल तर निम्मं मिश्रण १२५ च्या पुढेच उकळेल. रबर कडक झालं, स्प्रिंग मेली, की हा सगळा फायदा गेला. सकाळी गार गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणातला छोटा, हवा आत घेणारा व्हॉल्व्ह अडकलेला आहे. दोन-चारशे रुपयांची वस्तू, कंपनीचीच घ्या. थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल तरी हेच लक्षण. तो 'काढून टाका, गाडी थंड राहील' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. मग इंजिन सकाळी तापायलाच वेळ घेतं, डिझेल जास्त पितं, आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच फिरतं.

हे सगळं ठीक निघालं तर वॉटर बॉडी, म्हणजे वॉटर पंप, आणि शेवटी हेड पॅकिंग. पॅकिंगसाठी लगेच हेड उघडायची गरज नाही. निळं रसायन भरलेली एक नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. कूलंटमध्ये जळालेला वायू येत असेल तर निळ्याचं पेट्रोलमध्ये पिवळं, डिझेलमध्ये हिरवट होतं. दहा मिनिटांचं काम. कूलंट कमी होतंय पण बाहेर कुठे ठिपका नाही, सकाळी चालू करताना पांढरा धूर, डिपस्टिकला दुधाळ चहा, यांतलं काही दिसलं तर मात्र घाट विसरा, गाडी उभी करा.

९२ हजारांत कूलंट कधी बदललं हे तुम्ही लिहिलेलं नाही. बदललं नसेल तर तेच करा, तुमचे साडेसहाशे तिथे घाला आणि वर थोडे टाका. गार इंजिनाचं जुनं काढायचं, डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. हीटर फुल करायचा, म्हणजे त्याच्यातलंही निघतं. मग मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकाराचं कूलंट. प्रमाण महाराष्ट्रात ३० टक्के चालतं, पण ३० टक्के मिश्रण उणे १५ च्या आसपास गोठायला लागतं. लेह-स्पितीला जायचा बेत असेल तर निम्मं-निम्मं. साठ टक्क्यांच्या पुढे 'चांगलं असतं म्हणून' जास्त टाकू नका, साठ-सत्तरच्या पुढे गोठण्यापासूनचं संरक्षण वाढत नाही, घटू लागतं आणि थंडावाही कमी होतो. शेवटी हवा काढायची. एअर राहिली तर नवीन कूलंट घालूनही काटा नाचेल आणि तुम्ही मला शिव्या द्याल.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

आणि घाटात काटा लालकडे गेलाच तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, कडेला घ्या. वाफ येत नसेल आणि फॅन चालू असेल तर इंजिन दोन मिनिटं तसंच फिरू द्या. वाफ येत असेल तर लगेच बंद. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, फडकं गुंडाळूनसुद्धा. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग १९९९ चा आहे, फडकं गुंडाळलेलंच होतं.